एक्केचाळिसाव्या किलोमीटरचं फाटक

फाटकाच्या किल्ल्या तीन.
एक लाकूड कंपनीकडे, एक वनखात्याकडे,
तिसरी माझ्या शेडमध्ये, कॉफीच्या डब्यात,
जुन्या स्पार्क प्लगांखाली.

पाटीवर लिहिलंय : इथून पुढे वाहनांना मनाई.
पाटीला छर्ऱ्यांची अकरा भोकं आहेत.
मूसच्या शिकारीचे दिवस आले की
एखाददुसरं वाढतं.
कोण मारतं तेही ठाऊक आहे मला,
त्यातले दोघे माझ्या वर्गात होते.
किराणा दुकानात मला वाट करून देतात,
गरजेपेक्षा जरा जास्त अदबीने.

त्यांचं म्हणणं, पाणी सगळ्यांचं.
माझंही तेच म्हणणं आहे.
पण बाबांनी केबिनच्या फळ्या विमानाच्या पायांना बांधून
एकेक करून नेल्या,
तेव्हा तळ्यापर्यंत रस्ता नव्हता,
आणि रस्ता नसणं
हेच तर आमचं दुकान.

दरपत्रकात सगळं लिहिलेलं असतं :
जातायेता विमान, चार रात्री,
ॲल्युमिनियमची होडी, नऊ पूर्णांक नऊचं इंजिन,
गॅसवरचा फ्रिज, चिमण्या माशांचं आमिष डझनावर.
शांततेचे वेगळे पैसे लावत नाही.
लोक येतात मात्र तिच्यासाठीच
आणि पहिल्याच रात्री तिला भिऊन
रेडिओवर मला हाका मारतात :
आयला, ते काय ओरडतंय?
लून आहे, मी सांगते. पक्षी आहे. झोपा.

गेल्या जूनमध्ये ओहायोचे चार दंतवैद्य घेऊन
आम्ही उतरलो, तर धक्क्यावर
पालथी घातलेली हिरवी कॅनू
आणि चुलीपाशी होरेस वाबूस,
वय त्र्याहत्तर, तव्यात वॉलायचे तुकडे.
गाडी फाटकाबाहेर लावून
कॅनू डोक्यावर घेऊन सहा किलोमीटर चालत आलेला,
मानेवर काळ्या माश्यांनी काढलेलं रक्त.
‘पाटी वाहनांसाठी आहे,’ तो म्हणाला,
‘माझ्या गुडघ्यांना कोणी वाहन म्हणणार नाही.’

एका दंतवैद्याने मला बाजूला घेतलं.
हे तळं आमच्यासाठी राखलेलं नव्हतं का?
मी पायलटकडे बघितलं.
पायलट दोराच्या गाठीकडे बघू लागला,
जी त्याने आयुष्यात दहा हजार वेळा मारली असेल.

याच काठाने होरेसच्या आजोबांचे सापळे लागत.
बाबांना ही जागा त्यांनीच दाखवली.
आमच्या घरात सांगतात, अर्धं पोतं पिठाच्या बदल्यात.
त्यांच्या घरात सांगतात,
पीठ यायचं होतं.

मी काय बोलणार होते कोण जाणे.
होरेसनेच मान वर केली :
‘मीठ आहे का कुणाकडे? विसरलो.’
चौघांनी एकदम पिशव्या उघडल्या.
एवढं मीठ त्या तळ्याने कधी पाहिलं नसेल.

परतीचं विमान रिकामं होतं.
चल, म्हटलं, कॅनू बाजूला बांधू.
‘नको. येताना चढ होता.
उताराचे पैसे आधीच भरलेत.’

रविवारी मी ट्रक घेऊन फाटकापाशी गेले.
किल्ली खिशात होती, हात तिच्यावर होता.
त्याची गाडी निघून गेलेली.
फाटकाच्या डाव्या अंगाला, ओहोळातून,
वीतभर रुंदीची पायवाट पडली आहे,
कुणी खणली नाही, नुसती पडली आहे.
चिखलात रबरी बुटांचे ठसे,
त्यावर मूसचा एक खूर,
त्यावर आणखी कुणाचे लहान बूट.

तिथे टाकायला म्हणून एक मोठा दगड
मी चार वर्षांपूर्वी ट्रकमध्ये चढवला होता.
अजून मागेच आहे.
बर्फात चाकं घसरतात ना,
वजन लागतं.