दुसरं पान

साखर पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर,
लोखंडी जिन्याच्या चौदा पायऱ्या चढून
मी शिकायला जाते
जगाला सापडायचं कसं.

मुजम्मिल सर पंखा तीनवर ठेवतात.
चारवर नोट्स उडतात.
बाहेर त्रेचाळीस.
"काय बे, दुसऱ्या पानावर कोण जातंय?"
आम्ही नऊ जण माना हलवतो. कोणी नाही.
मीही कधी गेले नाही.
आणि येलदी टॉवेल, सोलापूर
सापडतात एकोणिसाव्या पानावर,
लातूरच्या एका दंतवैद्याच्या खाली.

सर म्हणतात, तुम्ही काय विकता ते विसरा,
लोक काय विचारतात ते बघा.
लोक विचारतात, टॉवेलचे धागे निघतात, काय करावं.
लोक विचारतात, स्वस्त टॉवेल शंभर नग.
लोक अजून शोलापूर लिहितात.
साहेब जाऊन इतकी वर्षं झाली,
त्याचा श तेवढा मागे राहिलाय.
सर म्हणाले, राहू दे, तोही शब्द घाल.
घातला.
नान्नाला सांगितलं नाही.

सरांच्या अंगात एकच जर्सी,
इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदराच्या गावची,
मरून, काखेत विटलेली.
ते गाव त्यांनी पाहिलेलं नाही.
मे महिन्यात तो क्लब खालच्या श्रेणीत गेला.
रात्री दीड वाजता, मोबाइल उशीला टेकवून,
घरचे उठू नयेत म्हणून आवाज बंद करून
आपण रडलो, हे त्यांनीच सांगितलं,
मेटा टॅग शिकवता शिकवता.
बसवराज म्हणाला, सर, मग
पहिल्या नंबरवाल्यांचे फॅन का होत नाही?
सर फळा पुसत राहिले.
फळ्यावर काही नव्हतं.

गृहपाठ: आठवड्याला एक लेख,
आठशे शब्द, त्यात टॉवेल बारा वेळा,
पण ओढूनताणून आणल्यासारखा वाटता कामा नये.
मी लिहिलं, टॉवेल मऊ कसा ठेवावा.
मी लिहिलं, बाळासाठी टॉवेल कसा निवडावा.
मला बाळ नाही.
शब्द मोजताना माझं बोट स्क्रीनवर सरकतं,
ताण्यावरून नान्नाचं सरकतं तसं,
ओठ न हलवता.

एका दुपारी लाइट गेली.
शेडमधले चारही माग एकदम थांबले
आणि पलीकडच्या खोलीत झोपलेला नान्ना
दचकून उठून बसला.
खडखडाटात गाढ झोपणारा माणूस
शांततेनं जागा होतो, एवढंच मी लिहिलं.
तीनशे शब्द. टॉवेल एकदाही नाही.
सरांना दाखवलं नाही.
सहा वेळा उघडलं गेलं,
त्यातल्या चार वेळा मीच.

परवा नवा धडा:
माणूस काय टाइप करून आपल्या दारात आला,
ते कसं बघायचं.
टॉवेल होलसेल.
टॉवेल दर आजचा.
शोलापूर टॉवेल.
आणि पार तळाशी, एकदाच,
माग विकल्यापासून रात्री झोप लागत नाही.

देश: भारत. गाव ते सांगत नाही.
माझा क्रमांक: एक.

मी सरांना हाक मारली.
ते वाकले, चष्मा वर केला,
जर्सीच्या बाहीनं स्क्रीन पुसला.
म्हणाले, याला स्पर्धा नाही.
मग बराच वेळ तिथंच उभे राहिले,
हात खुर्चीच्या पाठीवर.

घरी नान्ना मागावर वाकलेला.
तुटलेला धागा तो आवाजावरून ओळखतो,
मग बोटांनी हुडकतो.
मान वर न करता रोजचंच विचारतो,
"दोरिकिंदा?"
म्हणजे, सापडलं का?
आमच्या तेलुगूत सापडण्यातच दोर आहे,
माझ्या मराठी कानाला
हे इतक्या वर्षांत आज ऐकू आलं.

हो, म्हटलं. एक जण.

गाठ मारून त्यानं माग सुरू केला,
आणि त्या आवाजावर ओरडून विचारलं,
"किती नग?"