चुरा की लादी

हर्णैच्या बंदरात बत्तीस वर्षं मी बर्फ फोडतो.
लादी कुठे ठोकली की कुठे तडकते
हे माझ्या हाताला कळतं.
तरी त्या दिवशी दापोलीत
मुकादम डॉक्टरांनी काळ्या फिल्मवर बोट ठेवलं
आणि मला काहीच दिसलं नाही.

हर्षाली मुतखड्यासाठी गेली होती.
खडा नव्हताच.
"मूत्रपिंडाला रक्त नेणारी नळी," ते म्हणाले,
"जिथे दोन फाटे फुटतात, तिथे फुगली आहे.
तेवीस मिलिमीटर."
मी मनात मापलं: सोललेल्या सुपारीएवढं.
दुखत नाही, खुपत नाही,
नुसतं प्रेशर वाढलेलं, आणि ते आम्ही
सासरच्या जेवणातल्या मिठावर घातलं होतं.

मी म्हटलं, राहू दे की मग.
"पुष्कळांचा राहू देतो," ते म्हणाले,
"लहान असला, माणूस उतारवयाचा असला,
तर प्रेशर सांभाळायचं, वर्षाला एक फोटो काढायचा, बस्स.
पण हिला मूल हवंय ना?"
पंखा तेवढा बोलत राहिला.
पोटात पोर वाढताना हा फुटला तर
दोघांपैकी कोण, हे विचारायलाही वेळ मिळत नाही.
हे त्यांनी तिच्याकडे बघून सांगितलं, माझ्याकडे नाही.
बरं केलं.

मुंबईला गोठोस्कर बाई भेटल्या. हात लहान, नखं कापलेली.
त्यांनी कागदावर पेनाने झाड काढलं.
मांडीतून तार घालून वर जायचं,
फुग्यात बारीक गुंडाळ्या भरायच्या,
किंवा आतून जाळीची नळी बसवायची.
पण फुगा नेमका बेचक्यात,
जाळी बसवली तर एक फांदी बुजते.
"म्हणून बाहेर काढू."
"काय बाहेर?"
"मूत्रपिंड. बर्फात ठेवून,
टेबलावर नीट शिवू. आणि परत लावू."

बर्फात.
तेव्हा कुठे मला बोलायला काही सापडलं.
"चुरा की लादी?"
जावयाने माझा शर्ट ओढला.
बाई हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या,
"चुरा. पाण्यात कालवलेला."

बरोबर. लादी एका अंगाने भाजते.
सुरमई लादीवर टाका, पोटाखाली पांढरा डाग पडतो.
चुरा सगळीकडून धरतो,
आंघोळ घातलेलं मूल पंच्यात धरतात तसा.

पाच तास मी जिन्यात बसलो.
बंदरावर माझ्या जागी रमजान उभा होता.
आत कुठेतरी माझ्या लेकीचं मूठभर मांस
तिच्यात नव्हतं.
तिच्याच मांडीतली शीर घेऊन
केसाहून बारीक दोऱ्याने नवा फाटा शिवत होते.
किती थंड, हे विचारायचं राहिलं.
माशाला मी दिवस मोजतो;
तिथे मिनिटं मोजत होते.

जुन्या जागी नाही बसवलं.
खाली, उजव्या कमरेच्या खोबणीत,
जसा वारा फिरला की मचवा
हर्णै सोडून आंजर्ल्याच्या खाडीत लावतात.
धक्का वेगळा, भरती तीच.
रक्त सोडलं तेव्हा गुलाबी झालं म्हणे,
आणि तिथेच, टेबलावर, मुतलं.
बाईंनी हे याच शब्दांत सांगितलं नाही,
मी सांगतोय.
देवीपुढे फोडलेल्या नारळाच्या पाण्याहून
मला ती धार मोठी वाटली.

आता सहा महिन्यांनी फोटो, रोज एक गोळी,
आणि मीठ कमी, म्हणजे सुकं बंद.
ते तिला फुग्यापेक्षा जड गेलं.
मुलाचं वर्षभर नाही, मग बघू, म्हणाल्यात बाई.
आम्ही कोणी विचारत नाही.
लिलावाला येते कधी. टोपली उजव्या कमरेवर घ्यायला जाते
आणि थांबते,
डावीकडे घेते.

पहाटे मशीनमध्ये लादी ढकलतो,
खाली चुरा भसाभस पडतो.
हल्ली एक मूठ उचलून बघतो मी.
मुठीत धरला की वितळतो,
तरी धरतो जरा वेळ.