रद्द

सूरहून निघालो तेव्हा
कलहातच्या वळणावर अंधार होता अजून.
शमसा मागच्या सीटवरून शपथ पाठ करून घेत होती,
माझ्याकडून.
मुलाखतच व्हायची होती अजून, पण तिला घाई.
"ऐन घशातून काढ, उम्मी. नाकातून नाही."
बारा वर्षांची आहे.
तिला हा देश न मागता मिळालाय,
बापाच्या नाकासारखा.

माझं अरबी बाळंतिणींच्या खोलीतलं.
श्वास घे. ढकल. आता थांब. अजून थोडं.
मुलगी आहे, रडतेय, म्हणजे ठीक आहे.
एकोणीस वर्षं एवढ्यावर निभावली.
कचेरीतल्या अरबीला इस्त्री असते,
आणि बटणं फार.

साहेबाने माझं माहेरचं आडनाव वाचलं,
परत वाचलं.
मुकादम?
त्याचा हुद्दाही तोच निघाला.
आमच्याकडे, मी म्हटलं,
गलबतातून पोती उतरवणाऱ्यांवर ओरडतो तो मुकादम.
तो हसला. म्हणाला, माझंही काम साधारण तेच.

मग सवाल. मग जबाब.
तारीख, साल, अर्जावरची सही हीच का.
नवरा: हमूद. काम: लाकडी होड्या.
पुढच्या रकान्यावर तो थोडा थांबला,
मीच म्हटलं, नाही. चार वर्षं झाली.

हे शब्द बाणकोटच्या खाडीत
कुठल्या पडावातून उतरले कोण जाणे.
सवाल, जबाब, तारीख, कबूल, हजर.
त्यांना कुणी खुर्चीवर बसवून विचारलं नाही,
का आलात, परत कधी जाणार.
तलाठ्याच्या दप्तरात शिरले
आणि तिथेच म्हातारे झाले.
आता त्यांना परके म्हणून बघा,
सातबारा काढून दाखवतील.

वतन कोणतं, साहेबाने विचारलं.
मला आमचं वतन आठवलं:
पाच गुंठे, दोन फणस,
तिसऱ्या फणसावरून चुलत्याशी दावा.
त्याला वेगळं विचारायचं होतं.
कारकुनाची बोटं कीबोर्डवर अधांतरी.
सूर, मी म्हटलं.

आणि का हवंय?
मुलगी, नोकरी, घर, असं काहीतरी बोलले.
कब्रस्तानाच्या फाटकापासून एकतीस पावलं,
डावीकडे वळून सहा,
तिथला दगड बिननावाचा आहे
आणि तो मलाच ओळखता येतो,
हे नाही सांगितलं.
एवढं अरबी नव्हतं. मराठीही नव्हतं.

आठ महिन्यांनी वकिलातीची खिडकी.
आतला मुलगा लातूरचा.
त्याने पासपोर्टचा कोपरा कात्रीने कापला,
नखं काढावीत तसा,
आणि शिक्का मारला. रद्द.
"एकदा बघून घ्या, मावशी," म्हणाला,
आणि मावशी म्हटल्याचं वाईट वाटून
उगाच स्टेपलर शोधू लागला.
कापलेला तुकडा टेबलावर पडला होता.
मागावासा वाटला. नाही मागितला.

शपथ दोन मिनिटांची.
माझ्याआधी एक म्हातारे गृहस्थ होते,
झांझिबारकडचे बहुतेक,
त्यांचा उजवा हात थरथरत होता
म्हणून त्यांनी तो डाव्या हाताने धरला होता.
माझा ऐन नाकातूनच आला.
शमसाने डोळे मिटून घेतले.
बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही,
किंवा आलं आणि सोडून दिलं,
जसे सूरच्या बायकांनी
माझे सगळे चुकलेले क्रियापद
कळांमध्ये सोडून दिले.

गाडीत ती जुना पासपोर्ट चाळत बसली.
देवनागरी तिला येत नाही.
हे काय लिहिलंय?
रद्द.
"रद्द?" ती म्हणाली, "म्हणजे उत्तर?
कुणाला दिलंस?"

मी म्हटलं, पट्टा लाव.