अकरा मिलिमीटर

मिसेस पेट्रींना वाटतं, माझ्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशा
त्यांच्या सासरच्या नावाच्या आहेत.
मी दुरुस्त करत नाही.
डंडीतली ही जुनी दगडी इमारत,
त्या तळमजल्यावर, मी तिसऱ्या,
मधल्या जिन्यात आमचं बोलणं:
त्यांचं स्कॉट, माझं इंग्रजी,
निम्मं निसटतं, निसटलेल्याला दोघी मान डोलावतो.

गेल्या मंगळवारी म्हणाल्या,
एकविसाव्या वाढदिवसाला वडलांनी मला
दात काढून दिले. सगळे.
चांगलेही?
चांगलेही. लग्न ठरलं होतं ना,
पुढे नवऱ्याला खर्च नको.
हिरड्या भरल्या, कवळी आली,
आणि कवळीतूनच मी चर्चमध्ये हो म्हणाले.

हुंड्याच्या याद्या ऐकल्यात मी.
पितळी भांडी, स्कूटर, पाच तोळे.
हे त्यात कधी नव्हतं.

सकाळी मी शिताके तोलते.
वाळलेली अळंबी, चिनी दुकानातली,
दळून, उकळून, गाळून, गोठवून सुकवलेली:
चिमूटभर तपकिरी पूड,
वास ओल्या गोणपाटाचा.
(त्यांची आई तागाच्या गिरणीत होती,
त्या स्वतः मुरंब्याच्या कारखान्यात.
एक पिढी मागांच्या आवाजाने बहिरी,
दुसरी बोळकी.)
आमच्या पारनेरला असल्या उगवणीला
कुत्र्याची छत्री म्हणून चपलेने उडवत.
मी चौथ्या दशांशापर्यंत तोलते.

दाताची कीड म्हणजे अळी नव्हे.
भिंगाखाली ती माळ दिसते,
गोल मण्यांची, कुणी निगुतीने ओवलेली.
साखर खाते, आम्ल टाकते,
आणि जुन्या भाडेकरूसारखी जागा सोडत नाही.
नमुना सतरा. वय सहा. नाव नाही, नसतंच.
तळमजल्यावरचा पणतू लॅकलन, तोही सहा वर्षांचा,
भूल देऊन चार दाढा काढायच्या यादीत
मागच्या ऑक्टोबरपासून.
सतरा हा आकडा मी नावासारखा वाचायचा नाही.
वाचत नाही.
बहुतेक वेळा.

सदतीस अंश, अठ्ठेचाळीस तास.
झाकण उचललं तर बशीभर दुधी गढूळ साय
आणि अर्काच्या खड्ड्याभोवती स्वच्छ वर्तुळ,
चंद्राला पडतं तसं खळं.
तिथे कुणी ओवलेलं नाही काही.
व्हर्नियर लावला: अकरा मिलिमीटर.
शेजारी नेहमीच्या औषधाचं खळं एकोणीस.
नुसत्या पाण्याचं शून्य.
पुन्हा मोजलं. अकरा. साडेदहा. अकरा.

प्रोफेसर ऑख्टरलोनी म्हणाले, बरं आहे.
म्हणजे पुढचा अर्ज लिहिण्याइतपत बरं.
बशीला लाळ सुटत नाही हे त्यांना ठाऊक, मलाही.
बशीला जीभ नसते,
ती रात्री उठून बिस्किटांचा डबा उघडत नाही,
आणि तिच्या गावात
नवे पेशंट न घेणारा डेंटिस्ट नसतो.

संध्याकाळी जिन्यात त्या अडवतातच.
मग? चालतं का तुझं भूछत्र?
बशीत चालतं.
किती?
आता मिलिमीटर काय सांगू,
अंगठा आणि तर्जनी जवळ आणून धरते.
एवढं.
चष्मा सावरून त्या वाकतात,
माझ्या बोटांमधली रिकामी जागा
भाजी घेताना निरखावी तशी निरखतात,
आपलं बोट आत घालून बघतात.

दाढ मावेल, म्हणतात. एक.

मी बोटं तशीच ठेवते, का ते कळत नाही.
आतून लॅकलन ओरडतो, टोस्ट!
आणि थोड्या वेळाने,
जॅम जास्त.