तलवारीला तेल

तोर्रेऑनमध्ये धूळ उठली की आम्ही
खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबतो.
अशाच एका दुपारी मी तो संच उतरवून घेतला.
बारा जुने खेळ, सिनेमाच्या एका तिकिटाच्या भावात.
त्यातले अकरा मला नकोच होते.

फिदेन्सिओकाकांच्या टॉर्टियाच्या दुकानात
मक्याची वाफ आणि वजनकाटा यांच्या मधल्या बोळात
ते यंत्र उभं असायचं, काचेवर पिठाचा थर.
आधी बाहीने काच पुसायची, मग नाणं.
आई किलोचे पैसे द्यायची,
आम्ही पाऊण किलो घ्यायचो.
उरलेल्यात दोघांना एकेक जीव.

उबाल्दो साखळीवाला घ्यायचा. मी विधवा.
विधवा हे नाव आमचंच :
काळा झगा, पाठीवर उंचीपेक्षा लांब तलवार,
आणि ती कुणाकडे बघायची नाही म्हणून.
अक्षरं सगळी जपानी.
वार करताना ती काहीतरी ओरडायची
ते आम्हाला ऐकू यायचं, पीठ संपलं!
मग रांगेतल्या बायकासुद्धा ओरडायच्या, पीठ संपलं!
आणि काका चिडून मेन स्विचच पाडायचे.

आता नाणं लागत नाही. बटण दाबलं की
खण्ण वाजतं, हवं तितक्यांदा.
मी सतरा वेळा मेले,
सतराही वेळा काही वाटलं नाही.
मागे न्यायचीही सोय आहे. बसलेला वार
बसलाच नव्हता म्हणता येतं.
जुन्या काचेचा फुगवटा दिलाय, रेषा दिल्यात,
पीठ तेवढं द्यायचं राहिलं.

संग्रहालय नावाच्या पानावर विधवेचं पेन्सिलचित्र आहे.
शेजारी खरं नाव, उंची, आवड : मुळ्याचं लोणचं.
नवरा नाही. कधी नव्हताच.
झगा काळा, कारण निळा
दुसऱ्या कुणाला देऊन झाला होता.

आणि शेवट.
तिथवर एकदाच पोचलो होतो, चौऱ्याण्णवच्या ऑगस्टात,
नाणं उबाल्दोचं, हात माझे.
टेकडी, गवत, ती एकटी, खाली अक्षरांच्या दोन ओळी.
काय म्हणते रे?
तेरा वर्षांचा तो बोट फिरवत घडाघडा वाचत गेला :
म्हणते, आता कुणाशी भांडण उरलं नाही,
घरी जाते, भाऊ जेवायचा थांबलाय.

मी ते खरं धरून चालले.
आईचं घर विकलं त्या वर्षीसुद्धा,
वकिलाच्या टेबलापाशी आम्ही
हातात काही नसताना एकमेकांना
उभं चिरलं, तेव्हासुद्धा.

आज खाली स्पॅनिश ओळ उमटली :
पावसाचं चिन्ह आहे. तलवारीला तेल लावायला हवं.
बस्स. एवढंच.

मी एकटीच हसत सुटले, दात धुळीने करकरेपर्यंत.
पडद्याचा फोटो काढला, विचिटाला पाठवला.
उबाल्दो तिथे लोकांची छपरं घालतो.
सहा वर्षं आमच्यात एक शब्द नाही.
मीही फोटोखाली काही लिहिलं नाही.

रात्री अकराला उत्तर :
मला वाचता येत नव्हतं.
मग बऱ्याच वेळाने :
त्यात ऑनलाइन आहे का?

आहे. पण बटण इथे दाबावं तर
वार सरहद्द ओलांडून उशिरा पोचतो.
तिसऱ्या फेरीत माझी तलवार उडाली,
त्याच्या मागे जमिनीत रुतली.
लहानपणी तो तिच्यावर पाय रोवून उभा राहायचा, दात काढत.
आत्ताही तिथेच उभा.
सिग्नल अडकला असेल,
किंवा तो.
साखळी नुसतीच गरगरत होती.
मी रिकाम्या हातांनी चालत गेले.

कानाशी खरखर. मग जाडसर झालेला,
न ओळखावा असा एक आवाज, अगदी हळू :
पीठ संपलं.

मी हसत असतानाच त्याने साखळी हाणली.
बदमाश.