आधी प्रत काढ

मेल्विन स्विंडनला गेला
तेव्हा वहीच्या पानावर पासवर्ड लिहून देऊन गेला.
"सुलक्षा, आता वेबसाइट तुझी."
गावाला जाताना शेजारणीकडे
कोंबड्या सोपवाव्यात, तसं.

चोडणच्या आमच्या शेतकरी संघाची ती वेबसाइट:
चार पानं, मानशीचा एक फोटो,
भरती-ओहोटीचा तक्ता, फेरीबोटीच्या वेळा,
आणि मासळीच्या पावणीची तारीख,
जी दर वर्षी बदलते, छापून झाल्यावर.

पहिल्या खेपेला मी थेट सर्व्हरवरचीच फाइल उघडली.
बारा पुसून एकवीस केले.
बोट जरा जास्त फिरलं,
एक अवतरणचिन्ह बाराच्या सोबत गेलं.
सेव्ह.

आणि सगळं पांढरं.
बांध नाही, तक्ता नाही,
फोटोतला बगळासुद्धा उडालेला.
रघुवीरबाब आपला चष्मा पुसत राहिले,
त्यांना वाटलं दोष काचेचा.

रात्री साडेअकराला फोन लावला.
तिकडे अजून उजेड होता,
मेल्विन गोदामातून सुटून बसथांब्यावर उभा.
"प्रत काढली होतीस?"
मी गप्प.
तो हसला नाही, एवढं बरं केलं त्याने.
"भियेनाका. होस्टिंगवाल्याकडे कालची असते.
आज ती घे.
उद्या ती असेलच असं धरून चालू नको."

मग बस येईपर्यंत सांगत राहिला:
फाइल आधी खाली उतरव, आपल्या मशीनवर.
तशीच एक बाजूला ठेव, नावात तारीख घाल.
'नवी', 'नवी दोन', 'खरंच शेवटची'
असली नावं ठेवू नको, महिन्याभरात तुलाच कळणार नाहीत.
वर्डमध्ये उघडू नको,
ते सरळ अवतरणचिन्हांना शेपट्या फोडतं.
एका वेळी एक ओळ. चढव. बघ. मगच दुसरी.
आणि परवानगी नाही म्हणाला सर्व्हर,
तर रागाने सातशे सत्त्याहत्तर देऊन टाकू नको,
घराची चावी
तिंट्यावरच्या खिळ्याला टांगशील का?

बस आली असावी. फोन कटला.

बाबा बांध दुरुस्त करायचे तेव्हा
खचलेल्याला हात लावण्याआधी
त्याच्या पुढ्यात चिखलाचा दुसरा घालायचे, तात्पुरता.
मी लहान होते, विचारायचे,
दोनदा कशाला राबता?
ते ओहोटीकडे बघायचे.
सांगायला वेळ नसायचा.

दुसऱ्या खेपेला मी प्रत काढली.
मग त्या प्रतीची प्रत. (हसू नका.)
फाइल वरपासून वाचली, पहिल्यांदाच,
आणि एकशे चाळिसाव्या ओळीवर
मेल्विन भेटला, दोन तिरक्या रेघांच्या मागे:
// ही ओळ काढू नये. का, ते मलाही ठाऊक नाही.

किती वर्षं ती तिथे होती,
पानावर कधीच न दिसणारी,
येणाऱ्याची वाट बघत.

बारा पुसले. एकवीस.
अवतरणचिन्हं मोजली, बोट लावून,
लहानपणी पाढे मोजायचे तशी.
चढवली.
पान उघडलं तर बारा.
पुन्हा उघडलं. बारा.
पोटात भरतीचं पाणी चढलं.

बाहेर बुधोकाका शेवटच्या फेरीबोटीची वाट बघत होते.
"काका, तुमच्या मोबाइलवर उघडा पाहू."
त्यांनी हात पँटला पुसले, हळूहळू एकेक अक्षर दाबलं.
"एकवीस," ते म्हणाले.
"मगे, बारा होती म्हणत होते ना सगळे?"

म्हणजे पान कधीच बदललं होतं.
जुनं धरून बसला होता तो माझा ब्राउझर.
त्याला विसरायला लावलं,
आणि बगळ्याखाली एकवीस आले.

फेरीबोट रायबंदराकडे निघाली तरी मी उठले नाही.
फाइल परत उतरवली, तारखेची प्रत ठेवली,
आणि एकशे चाळिसाव्या ओळीखाली
दोन तिरक्या रेघा ओढून लिहिलं:
// मीही काढली नाही. सुलक्षा.

मग चढवली.
मग बघितलं, बगळा आहे ना.