सतरावी जागा

नगरपालिकेचं पत्र आलं: कारखाना पाडायचा नाही,
त्याचं कलादालन करायचं, गावाचं, सगळ्यांचं.
मी गवंडी. मला त्यातलं एवढंच कळलं
की चुना किती लागेल आणि पैसे कधी मिळतील.

साडो नदी समुद्राला मिळते तिथला सार्डिनचा कारखाना,
चाळीस वर्षं कुलूप.
धुराड्यावर करकोच्याचं घरटं. त्याला हात लावायचा नाही,
भाडं भरत नसला तरी कायदा त्याच्या बाजूचा.

पहिल्या दिवशी खिडक्या उघडल्या.
दुसऱ्या दिवशी ऊन आत आलं
आणि दुपारी तीनच्या सुमाराला भिंत तापली तसा
मासळीचा वास सुटला.
भिंतीला कान असतात म्हणतात.
हिला पोट होतं,
आणि ते अजून रिकामं झालं नव्हतं.

बेनेदिता बाई लिस्बनहून यायच्या, नकाशे घेऊन.
नाकाला रुमाल लावायच्या नाहीत, एवढं त्यांचं कौतुक.
म्हणाल्या, सगळे थर खरवडा, मग पांढरा द्या,
चित्रामागची भिंत गप्प हवी.

खरवडला. पांढऱ्याखाली निळा,
निळ्याखाली शेवाळी,
आणि कमरेच्या उंचीला, हातभर अंतरावर एकेक,
गुळगुळीत खळगे, दारापासून पार टोकापर्यंत.
मला वाटलं ओल. सगळ्यात खोल दोन आधी बुजवले,
तिसऱ्यासाठी पुट्टी कालवत होतो

तेव्हा इदालिना आली. शहाऐंशीची.
पिशवीत कोबी, पायात मुलाचे बूट.
थांब, म्हणाली.
पिशवी खाली ठेवली, भिंतीकडे पाठ केली
आणि बशीत कप बसावा तशी
त्या खळग्यात टेकली.
सतरावी. दारापासून मोज.

मी मोजले. सतरावीच.

भोंगा व्हायचा रात्री दोनला, नाहीतर चारला,
होडी येईल तेव्हा.
प्रत्येक कारखान्याचा सूर वेगळा,
झोपेतल्या पोरांनाही आपल्या आईचा ओळखू यायचा.
मासळी उतरेपर्यंत इथं टेकायचं.
पोरगी खोक्यात, पायाशी.
टेकण्याचे पैसे नाहीत, डोकी उडवण्याचे, तबकावर.

आणि अठरावी?
देओलिंदा. अकरा वर्षं बोललो नाही आम्ही.
एका कात्रीवरून.
खांद्याला खांदा, आणि तोंडातून अवाक्षर नाही.

मग तिनं शेजारी पाहिलं.
बुजवलीस?
ओली आहे अजून, मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
तिनं अंगठा घातला
आणि उकरायला लागली,
पेंढीतून खोबरं काढावं तसं नाही, हळू,
डोळ्यात गेलेलं कुसळ काढावं तसं.
पुट्टी पुसली ती माझ्याच बाहीला.

ती भिंत मग तशीच राहिली.
बेनेदिता बाईंनी नकाशावर एक रेघ मारली आणि
दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत.
उद्घाटनाला महापौर, वाइन, पोरांनी रंगवलेल्या होड्या.
एका पाहुण्यानं विचारलं, या कलाकृतीची पाटी कुठे आहे?
इदालिना सतराव्या जागी टेकून
बिस्कीट खात होती. अठरावी मोकळी.
एवढी गर्दी, पण तिथं कुणी टेकलं नाही.

दुसरा बुजवलेला खळगा नववा.
सगळ्यात खोल तो होता.
त्याचं कुणी विचारायलाच आलं नाही,
आता पुट्टी दगडासारखी झाली आहे.
बिलातून तिचे पैसे मी वगळले.
कधी आत गेलो तर
तिथं हात ठेवतो थोडा वेळ,
आणि मग चित्रं बघतो.